रंगवलेली पिल्लं : दारावर येणाऱ्या पिल्लंवाल्यापासून सावध राहा

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. कापूस वेचणीचे दिवस, घरचे सारे वावरात. मी एकटीच सांदवाडीत वांग्याला पाणी देत होते. तेवढ्यात मोटारसायकलवर दोन्ही बाजूंना जाळीची खोकी बांधून एक माणूस दारात आला. पिल्लांचा चिवचिवाट ऐकून मीच पाइप टाकून पुढे गेले.

"सुधारित गावरान हाय ताई. साऱ्या माद्याच, निवडून आणल्या. लसा टोचेल हायेत. पाच महिन्यात अंडं देतीन." साठ रुपयाला एक पिल्लू. पंचवीस घेतली, पंधराशे रुपये दिले. ऑनलाइन देते म्हटलं तर म्हणाला, "नेटवर्क नाई ना ताई, रोखच द्या." बिल मागायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

घरच्या माझ्या सात गावरान कोंबड्या होत्या. गावात गावरान अंडं दहा-बारा रुपयांना जातं. तेल-मिठाचा, मुलांच्या वह्यांचा खर्च त्यावर निघायचा. कोंबडीखत उकिरड्यात कुजवून वांगी, पालक, दोडक्याला घालायचे. (ओलं खत थेट रोपाला घालू नका, रोप जळतं.) कोवळ्या मेथीवर कोंबड्या जाऊ नयेत म्हणून बोराटीचं कुंपण मीच केलं होतं. पंचवीस माद्या वाढल्या तर कुणापुढे हात पसरावा लागणार नाही, एवढाच माझा हिशोब होता.

थंडी होती आणि एक कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली होती. रात्री अंधारात मी एकेक पिल्लू हळूच तिच्या पोटाखाली सरकवलं. सासूबाई म्हणाल्या, "बजारातलं पिल्लू घरच्यात सोडू नोको वं." मी ऐकलं नाही. कोंबडीनं पिल्लं पोटाशी घेतली, जेवढी मावली तेवढी. उरलेली टोपल्यात बल्बखाली ठेवली.

तिसऱ्या दिवशी त्या कोंबडीच्या पोटाकडच्या पांढऱ्या पिसांवर तांबूस डाग दिसले. मला वाटलं, लाल माती लागली असेल. पण आमची माती काळी आहे, हे तेव्हाच कळायला पाहिजे होतं. एका पिल्लाला ओल्या फडक्यानं पुसलं तर फडकं तांबडं झालं आणि खालून पिवळी लव निघाली. पंख उघडून बघितले, तर नव्या पिसांच्या काड्या पांढऱ्याफट्ट.

पिल्लंवाल्याला फोन केला. "रंग बदलते ताई, जातच तशी हाय," म्हणाला. दोन दिवसांनी नंबर बंद झाला, तो आजपर्यंत बंदच आहे.

खरं दुखणं त्यानंतर आलं. आठव्या दिवशी पिल्लं पेंगायला लागली. चोच उघडी टाकून श्वास घेत होती, खाली हिरवट पातळ शीट. मग त्यांना पोटाशी घेणारी कोंबडी कोपऱ्यात मान वाकडी करून बसली. पाणी पाजायला तिला मांडीवर घेतलं, तर मान आपोआप पाठीकडे फिरत होती. मी सरळ धरली की थोडा वेळ थांबायची, सोडली की पुन्हा फिरायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर येऊन बघून म्हणाले, राणीखेत, म्हणजे आपण मानमोडी म्हणतो तीच. एकदा लागली की त्यावर औषध नाही, लस आधीच द्यावी लागते. सातपैकी पाच कोंबड्या गेल्या. पंचवीस पिल्लांतली सोळा गेली.

उरलेली नऊ मी जिद्दीनं वाढवली. दोन हजारांच्या आसपास दाणा विकत आणला, वर घरची कणी आणि तुरीची चुरी घातली. दीड-दोन महिन्यांत सगळ्यांचे तुरे लाल व्हायला लागले. चौथ्या महिन्यात एक आरवला, मग दुसरा, मग नऊच्या नऊ. पांढरे, उंच पायांचे कोंबडे. बाजारात नेले तर एकही सव्वा किलो भरला नाही.

डॉक्टरांनी मग नीट समजावून सांगितलं. अंडी देणाऱ्या जातीची पिल्लं हॅचरीत, म्हणजे उबवणी केंद्रात निघाली की पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळी करतात. त्या जातीचा नर अंडी तर देत नाहीच, मांसही लवकर धरत नाही, म्हणून तो कवडीमोलानं विकला जातो. असलीच पिल्लं रंगवून गावोगाव गावरान म्हणून विकतात. कडकनाथच्या नावानं काळी रंगवलेलीही त्यांनी पाहिली आहेत. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआची जात. तिची चोच, जीभ, कातडी, पाय सगळंच काळपट असतं. नुसती वरची लव काळी पाहून पैसे देऊ नका.

आता माझ्या लक्षात येतं. गावरान कोंबडीखाली निघालेली पिल्लं कधी एकसारखी नसतात, एक पट्ट्यापट्ट्यांचं, एक काळं, एक भुरकं. त्याच्या खोक्यात सगळी एकाच तांबूस रंगाची होती. तेवढ्यावरूनच त्याला दारातून परत पाठवायला पाहिजे होतं. तुमच्याकडे कुणी आला तर ओलं पांढरं फडकं घेऊन पिल्लाच्या पाठीवरून फिरवा, लवेवर फुंकर मारून बुडाशी रंग बघा. हॅचरीचं बिल आणि कोणती लस कोणत्या तारखेला दिली ते लिहून मागा. नागपूरला सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तिथे आधी मागणी नोंदवून पिल्लं मिळतात, थोडं थांबावं लागलं तरी थांबा. आणि कुठूनही आणली तरी निदान तीन आठवडे घरच्या कोंबड्यांपासून लांब ठेवा, पाण्याचं भांडंसुद्धा वेगळं. खुडूक कोंबडी कितीही मायाळू असली तरी तिच्याखाली सोडू नका.

तक्रार द्यायला गेले, पण हातात ना बिल, ना गाडीचा नंबर. पलीकडच्या दोन गावांतही त्यानं अशीच पिल्लं दिल्याचं नंतर कळलं. तिथल्या बायाही गप्पच बसल्या, घरचे बोल लावतील म्हणून. म्हणूनच मी हे लिहिते आहे.

लसीची बाटली शंभर कोंबड्यांची येते आणि एकदा कालवली की लगेच वापरावी लागते. दोन-चार कोंबड्यांसाठी कोण आणणार, म्हणून आमच्या गावात कुणी लस देतच नव्हतं. परवा गल्लीतल्या आठ घरांनी मिळून एक बाटली बर्फात घालून आणली. दवाखान्यातल्या दादांनी आमच्या अंगणात बसून सत्तरेक कोंबड्यांना टोचली. माझ्या उरलेल्या दोघीही त्यात होत्या.