दहावीचा ताण: घरीच बोलायचं की समुपदेशकाकडे न्यायचं?

लेक दहावीत, सारखी चिडचिड करते. एका मैत्रिणीला प्रश्न पडलाय, आपणच सांभाळावं की कुणाला दाखवावं?

खर्च: घरी बोलायला पैसे लागत नाहीत, वेळ मात्र लागतो. समुपदेशक दर भेटीला फी घेतो. सरकारची टेली-मानस (१४४१६) ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा २०२२ पासून आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

मोकळेपणा: खरी गोम इथेच. समोर बसवून “काय झालंय?” विचारलं, की “काही नाही” एवढंच हाती लागतं. तीच पोरगी स्कूटरवर मागे बसली किंवा सोबत मटार सोलायला लागली की आपणहून बोलते. तेव्हा मार्कांचा विषय काढायचा नाही, मावसबहिणीच्या टक्क्यांचा तर नाहीच! पण ताण आईबाबांमुळेच येत असेल, तर ती तो परक्या माणसालाच सांगेल.

परीक्षेपुरती धडधड, अभ्यासाचा घोळ असेल तर घर पुरे. झोप-भूक दोन आठवडे बिघडलेली, मैत्रिणीही नकोशा झाल्या, तर समुपदेशक. “जगून काय करू” असं तोंडून निघालं, तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.