नाळेतलं रक्त: वार पडण्याआधी घ्यावं की नंतर?
नाळ कापल्यावर नाळेत आणि वारेत (गर्भाशयात बाळाला पोसणारा अवयव, प्लॅसेंटा) उरलेल्या रक्तात रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी असतात. १९८८ साली पॅरिसमध्ये अशा रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण झालं.

वार आत असतानाच घेतलं, तर गर्भाशयाच्या आकुंचनाने रक्त आपोआप खाली ढकललं जातं आणि सहसा जास्त मिळतं. नाळेत दोन बारीक धमन्या आणि एक जाड नीला; सुई नीलेत. जंतुनाशकाने पुसून पहिली सुई नाळेला लावलेल्या चिमट्याजवळच टोचावी, म्हणजे नीला चपटी झाली तर वर वारेकडे दुसरी जागा उरते. रक्त जमा होणारी पिशवी खाली ठेवून सतत हलकेच हलवत राहायची. आतलं गोठणरोधक द्रव्य मिसळलं नाही तर गुठळ्या होतात, पिशवी वाया जाते. अडचण एकच, पण मोठी: हे सगळं आईजवळ चालतं, त्याच वेळी तिच्या रक्तस्रावावर लक्ष हवं. रक्तस्राव वाढला तर रक्त घेणं तिथेच थांबवायचं.

वार पडल्यावर ती स्टँडवर टांगून, नाळ खाली सोडून रक्त घेतात. आईपाशी गर्दी होत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र दहा मिनिटं गेली की रक्त गोठायला लागतं, शिवाय जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

कोणतीही रीत निवडा, नाळ १ ते ३ मिनिटं थांबूनच बांधावी; पिशवी भरण्यासाठी बाळाच्या वाट्याचं रक्त कमी करू नये. आईची संमती कळा सुरू होण्याआधीच घ्या.