फोंड्यातील रुग्णसाहित्य केंद्र: दान दिलेल्या खाटेची देखभाल

फोंडा शहरात एका सभागृहाच्या तळमजल्यावर काही दात्यांच्या देणग्यांवर चालणारे रुग्णसाहित्य केंद्र आहे. माझ्या आत्यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) झाल्यानंतर फाउलर खाट (डोक्याकडची आणि गुडघ्याकडची बाजू वर उचलता येणारी), हवेची गादी आणि वॉकर असे तिन्ही साहित्य आम्ही तेथूनच आणले. भाडे घेतले जात नाही. ओळखपत्राची प्रत आणि अनामत रक्कम द्यावी लागते, आणि साहित्य परत केल्यावर अनामत पूर्ण मिळते.

गोव्यात अशा केंद्राची गरज का वाढते आहे, हे वेगळे सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील लोकांचे प्रमाण केरळखालोखाल गोव्यातच होते, सुमारे ११ टक्के. मुले मुंबईला, आखातात किंवा जहाजावर आणि घरी दोघेच म्हातारे, ही स्थिती आता प्रत्येक वाड्यावर दिसते. शस्त्रक्रिया सरकारी इस्पितळात होते, पण नंतरचे बरे होणे घरच्या खोलीतच व्हायचे असते, आणि त्या खोलीत काय लागेल याची तजवीज कोणतीही योजना पुरेशी करत नाही. दानधर्मातून आरोग्यसेवा उभी राहणे येथे नवे नाही; मडगावचे हॉस्पिसियो इस्पितळ पाद्री मिरांडा यांनी १८६७ मध्ये गोरगरिबांसाठीच सुरू केले होते.

केंद्राची खरी किंमत मला साहित्यापेक्षा तेथील तंत्रज्ञाच्या कामात दिसली. खाट जोडून झाल्यावर त्याने आत्यांना गादीवर निजवले, कमरेखाली गादीच्या तळाशी तळहात सरकवला आणि हाताला हाड टेकते का ते पाहिले. टेकले, म्हणून पंपाचा दाब वाढवून पुन्हा तपासले. गादीचे कप्पे आळीपाळीने फुगतात आणि रिकामे होतात, त्यामुळे एकाच जागी दाब राहून पाठीला जखमा होत नाहीत. परंतु वर जाड गोधडी घातली की हा सारा उपयोग संपतो, हे त्याने आमच्या काकूंना गोधडी हातातून काढून घेतच सांगितले. कूस बदलायला मात्र गादी असली तरी विसरायचे नाही, अशी ताकीदही दिली. वॉकरची उंचीही त्याने आत्यांना उभे करून, हात सैल सोडल्यावर मूठ मनगटापाशी येईल अशी बसवून दिली.

मागच्या खोलीत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारी यंत्रे, ओळीने मांडलेले आहेत. २०२१ च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत असे यंत्र देणारे पुष्कळ दाते पुढे आले, हे चांगलेच झाले. पण हवेतला नायट्रोजन शोषून घेणारा यंत्रातील झिओलाइट नावाचा पदार्थ दमट हवेने खराब होतो, आणि आपल्या पावसाळ्यात यंत्र महिनोन्‌महिने बंद पडून राहिले तर ते चालू होते, आवाज करते, पण बाहेर येणारा ऑक्सिजन पुरेसा शुद्ध नसतो. येथे प्रत्येक यंत्र ठरावीक काळाने चालवून मीटरने शुद्धता मोजतात आणि ती ८२ टक्क्यांच्या खाली गेली तर यंत्र बाहेर देत नाहीत. या मीटरसाठी, गाळण्यांसाठी आणि तंत्रज्ञाच्या पगारासाठी देणगी मागितली की दाते काचकूच करतात, असे व्यवस्थापकांनी हसत सांगितले. मला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. नवीन खाटेवर नावाची पट्टी लावता येते, पगारावर लावता येत नाही, एवढाच काय तो फरक.

उणिवाही आहेत. केंद्र रविवारी बंद असते, इस्पितळातून घरी सोडण्याचा दिवस मात्र कोणी निवडत नाही. आमच्या शेजाऱ्यांना यामुळे शनिवारी धावपळ करावी लागली. खाटेच्या एका चाकाला गंज चढलेला होता आणि ते तक्रार केल्यावरच बदलले. वाहतूक स्वतःची करावी लागते, म्हणून रिक्षावर विसंबू नये, पिकअप सांगावा. खाट सुटे भाग करूनही जड असते आणि ती उचलायला दोघे तरी हवेत. कॉन्सन्ट्रेटर नेणाऱ्यांनी वीज गेल्यास उपयोगी पडेल असा भरलेला सिलिंडर घरी आहे ना, हे आधी पाहावे, कारण केंद्र सिलिंडर देत नाही.

दान द्यायचे मनात असलेल्यांनी तेथे नवी व्हीलचेअर घेऊन जाऊ नये. व्हीलचेअर भरपूर आहेत, दुसरा तंत्रज्ञ नेमण्याएवढे पैसे नाहीत.