हजेरी, गोपनीय अहवाल की कामाची वाटणी : कार्यालयप्रमुखाने आधी कशाला हात घालावा?

मराठवाड्यातील एखाद्या तालुका कार्यालयाचा पदभार नव्याने घेणाऱ्या अधिकाऱ्याला कर्मचाऱ्यांचे काम सुधारायचे असेल, तर त्याच्या हाती मुख्यतः तीन उपाय असतात आणि तिन्हींची ताकद सारखी नाही.

बायोमेट्रिक हजेरीचा परिणाम आठवडाभरात दिसतो. 2020 मध्ये पाच दिवसांचा आठवडा लागू करताना शासनाने रोजची वेळ वाढवली, त्यामुळे वेळेचा आग्रह रास्तच आहे. मात्र अतिवृष्टीनंतर दिवसभर चिखलातून बांधाबांधाने पंचनामे करून रात्री उशिरापर्यंत याद्या भरणाऱ्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचे (पूर्वीच्या तलाठ्याचे) काम अंगठ्याच्या ठशावर मोजणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

गोपनीय अहवालाचा, म्हणजे कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या कामावर वरिष्ठाने लिहिलेल्या शेऱ्यांचा, परिणाम सावकाश होतो. पदोन्नती न मिळालेल्यांना वरची वेतनश्रेणी देणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेचे लाभ 10, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेनंतर मिळतात. ते कार्यालयप्रमुख ठरवत नसला, तरी त्यासाठी पाहिले जाणारे अहवाल त्याच्याच लेखणीतून उतरतात. सर्वांना सरसकट एकच शेरा दिला, की मन लावून काम करणारा माणूस आतून खचतो, आणि हे नुकसान कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही.

माझ्या मते सुरुवात कामाच्या वाटणीपासून करावी. मी पाहिलेल्या एका कार्यालयात एकाच लिपिकाकडे स्वतःचे टेबल, निवृत्त सहकाऱ्याचे टेबल आणि दीर्घ रजेवरील तिसऱ्याचा अतिरिक्त कार्यभार होता. त्याच्या खुर्चीमागे दोरीने बांधलेल्या संचिकांचे गठ्ठे खिडकीपर्यंत पोहोचले होते आणि दारात उभ्या शेतकऱ्याला तो रोज 'उद्या या' एवढेच सांगू शकत होता. 2005 च्या बदल्या व विलंब प्रतिबंध कायद्यानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही संचिका एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, पण तीन टेबलांवरच्या माणसाला नोटीस देऊन ती मुदत पाळली जात नाही. रिक्त पद भरणे प्रमुखाच्या हाती नसते. अतिरिक्त कार्यभार कोणाकोणात विभागायचा, दर सोमवारी प्रलंबित प्रकरणांचा गोषवारा टेबलापाशी बसून पाहायचा की नाही आणि संगणक प्रणालीवर अडखळणाऱ्या ज्येष्ठ लिपिकाशेजारी कोणाला बसवायचे, हे मात्र तोच ठरवतो.

याला एक अपवाद आहे. निम्मे कर्मचारी मुख्यालयी न राहता जिल्ह्याच्या गावाहून अपडाऊन करत असतील आणि चारच्या गाडीसाठी साडेतीनलाच टेबले आवरली जात असतील, तर तेथे आधी हजेरीच पाहावी.