एकाच क्रँक सीलचे तीनदा पैसे मोजले. जुनी गाडी असेल तर हे वाचा

आमची डिझेल जीप 2005 ची. वडिलांनी हौसेनं नवी घेतलेली, त्यामुळे विकायचं मनात येत नाही. गेल्या पावसाळ्यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली ऑइलचे थेंब दिसायला लागले. साताऱ्यातल्या एका गॅरेजवाल्यानं नुसतं वाकून बघितलं आणि म्हणाला, "मागचं क्रँक सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." हे सील म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवती ऑइल अडवणारं कडं. ते स्वस्त असतं, पण फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकाच्या आड बसतं, म्हणून मजुरीच जास्त. 6,500 रुपये दिले.

दीड महिन्यात पुन्हा थेंब. "आधी टाकलेलं सील लोकल निघालं," म्हणून आणखी 6,000. दिवाळीनंतर तिसऱ्यांदा 5,500. चौथ्यांदा गेलो तर म्हणे इंजिनच उघडून नव्यानं बांधावं लागेल, 48,000 धरून चाला. वडील गप्प बसले, मग हळूच म्हणाले, "विकून टाकू." ते अजून मला सलतं.

त्यातच खंबाटकीच्या चढावर क्लच घसरायला लागला. शेवटी ओळखीतून एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका काकांकडे गाडी नेली. त्यांनी आधी पान्याला हातच लावला नाही. इंजिन डिझेलनं धुतलं, सुकवलं, वरून टाल्कम पावडर भुरभुरली आणि गाडी चालू ठेवली. पंधरा मिनिटांत टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण) मागच्या कडेपासून खाली एक ओली रेघ उतरली. म्हणजे काही ऑइल वरूनच येत होतं! मग ऑइल भरायचं झाकण सैल केलं, तर ते थडथड नाचायला लागलं आणि भकाभका धूर आला. ब्रीदर पाइप काढून दाखवला: आत काकवीसारखा काळा गाळ, फुंकर मारली तरी हवा जाईना. पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं खाली येणारा वायू या पाइपातून बाहेर पडतो. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून ढकललं जातं. असं असताना कितीही सील बदला, गळती परत येणारच.

पण खरा धक्का पुढेच होता. बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं, क्लचवरचं आवरण) वरच्या बोल्टांवर धूळ आणि तेलाचा जाड थर होता. काका म्हणाले, "बाळा, यांना कित्येक वर्षांत पाना लागलेला नाही." गिअरबॉक्स एकदाही उतरवला नव्हता! खाली तेल निथळायला जे भोक असतं, ते सिलिकॉननं बुजवलेलं. म्हणून दर वेळी काही दिवस थेंब थांबायचे, आणि आत साचलेल्या ऑइलनं क्लच प्लेट भिजली. जुनं सील नखासारखं कडक झालं होतं.

ब्रीदर साफ, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, सील आणि क्लच प्लेट नवी, सगळं मिळून 9,200. आठ महिने झाले, खाली ठेवलेला पुठ्ठा कोरडा आहे.

कुणी सील गेलं म्हणालं, तर आधी ब्रीदर आणि टॅपेट कव्हर बघायला लावा. गिअरबॉक्सच्या बोल्टांवर रंगाचा ठिपका देऊन ठेवा, म्हणजे पाना लागला की नाही ते कळेल. जुनं सील हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि पक्कं बिल मागाच. सिलिकॉनचा गोळा घेऊन मी त्या गॅरेजवाल्याकडे गेलो, तर तो शांतपणे म्हणाला, "बिल दाखवा." माझ्याकडे तीन कच्च्या चिठ्ठ्या होत्या, नुसतं "सील काम" आणि आकडा. ना गाडीचा नंबर, ना गॅरेजचा शिक्का.