चाळीस आवाज की चार?

सोळाव्या शतकातलं इंग्लंडचं चर्चसंगीत ऐकायला घ्यायचं, तर आधी काय? संगीतकार थॉमस टॅलिसचं ‘स्पेम इन अलियम’ हे चाळीस आवाजांचं लॅटिन गाणं, की संगीतकार विल्यम बर्डचं चार आवाजांचं मास, म्हणजे कॅथलिक उपासनेतल्या प्रार्थनांचं संगीत? दोघं एकमेकांना चांगले ओळखून होते. १५७५ साली राणी एलिझाबेथनं संगीत छापण्याचा मक्ता दोघांना मिळून दिला होता.

‘स्पेम’ म्हणजे पाच-पाच आवाजांचे आठ गट, आणि चाळिसांनाही आपापली वेगळी ओळ. पहिल्या गटातून एकेक आवाज निघतो आणि सूर लाटेसारखा आठव्यापर्यंत सरकत जातो. पुढे एका जागी सगळे एकदम थांबतात, आणि मग ‘रेस्पिके’ (पाहा) या शब्दावर चाळीसही एकत्र कोसळतात. पण साध्या स्पीकरवर याचा नुसता गोंगाट होतो. हेडफोन हवेतच.

बर्डचं मास १५९०च्या दशकाच्या सुरुवातीला छापलं गेलं, तेही मुखपृष्ठाशिवाय. कॅथलिक उपासनेवर तेव्हा बंदी होती. हे संगीत घरात, दारं लावून म्हणायचं. त्यातलं ‘आन्युस देई’ हे शेवटचं प्रार्थनागीत फक्त दोन आवाजांवर सुरू होतं. मग तीन होतात, शेवटी चार. ‘दोना नोबिस पाचेम’, आम्हाला शांती दे, इथे स्वर एकमेकांवर घासत, कण्हत उतरतात. मागणाऱ्यांना शांती मिळालेली नाही, हे ऐकू येतं.

मी बर्डच आधी ऐकायला सांगेन. चारच ओळी असल्यानं कान एकेकीचा माग धरायला शिकतो. शिवाय ‘स्पेम’ जेमतेम दहा मिनिटांचं आहे, ते कुठे पळून जात नाही.