स्पासाठीचं बुकिंग सॉफ्टवेअर: कॅलेंडर चोख, मार्केटिंग लंगडं

थेरपिस्ट आणि खोली दोन्ही एकदम अडवता येतात, हे मोठं काम. नुसता थेरपिस्ट अडवला की एका खोलीवर दोन बुकिंग पडलीच समजा. पण ६० मिनिटांच्या मसाजनंतर चादरी बदलायला, सांडलेलं तेल पुसायला लागणारी १५ मिनिटं आपोआप धरली जात नाहीत. प्रत्येक सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये ती हातानं टाका, नाहीतर चार अपॉइंटमेंटनंतर वेळापत्रक तासभर मागे. आदल्या दिवशीचा रिमाइंडर वेळेवर जातो. सवलतीचा मेसेज मात्र सरसकट सगळ्यांना. मग पूर्ण पैसे देणारे नेहमीचे ग्राहकही पुढच्या ऑफरची वाट बघत बसतात. ‘४५ दिवसांत न आलेले’ अशी चाळणी हवीच होती. पॅकेजची उरलेली सेशन्स बिलावर छापून येतात. काउंटरवरचे बरेच वाद तिथेच मिटतात.